दहावीनंतर थेट धंदा

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. गेट्सने कॉलेज सोडलं, धीरूभाई कॉलेजात गेलेच नाहीत आणि आता डिग्रीवाले त्यांच्या कंपन्यांत नोकऱ्या करतात, वगैरे वगैरे. मेसेज पुढे ढकलणारे बहुतेक सगळे डिग्रीवालेच, आणि स्वतःच्या पोरांच्या क्लासची फी भरून आलेले! असो.

यंदा तोच मेसेज मला जळकोटहून आतेभावाने पाठवला, म्हणून हा विषय. पोरगा दहावी झालाय. त्याला जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे वायंडिंगचं दुकान टाकायचंय. आत्याचं म्हणणं, लातूरला जा, नीटची तयारी कर. आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडले की रस्ता एकच: लातूर, शिकवणी, होस्टेल, मेस. पोराला काय आवडतं हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

मला विचाराल तर पोराचं चुकत नाहीये. चुकतोय तो मेसेज.

आपल्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. क्विक हील. एके काळी पुण्यातल्या प्रत्येक सायबर कॅफेत हे नाव दिसायचं. कैलास काटकर मूळचे साताऱ्याकडचे, पुण्यात वाढले. दहावीनंतर शिक्षण सोडून कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. १९९० च्या सुमारास पंधरा हजारांच्या भांडवलावर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. मग कॅलक्युलेटरवरून कॉम्प्युटरवर आले. नव्वदच्या दशकाच्या मध्याला अँटीव्हायरस आला आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात गेली.

मेसेजमध्ये यातली दहावी असते आणि शेअर बाजार असतो. मधलं सगळं गाळलेलं असतं. मधे काय होतं? एक, दुसऱ्याच्या दुकानात पगारावर काढलेली वर्षं. त्यात हाताला काम आलं, गिऱ्हाईक कळलं, हिशोब कळला. दोन, तो अँटीव्हायरस लिहिला धाकट्या भावाने, संजय काटकर यांनी, आणि ते तेव्हा कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. कॉम्प्युटर शीक म्हणून त्यांच्या मागे लागले होते ते दहावी पास थोरले भाऊच! म्हणजे त्या घरात दुकानही होतं आणि डिग्रीही होती.

धीरूभाईंचंही तेच. ते १९५८ साली मुंबईत येऊन व्यापाराला लागले, पण त्याआधी कित्येक वर्षं एडनमध्ये नोकरी केली होती. आणि गेट्सने १९७५ साली हार्वर्ड सोडलं तेव्हा वडील नामांकित वकील होते, परत जायची सोय होती. धंदा बसला असता तरी घर बसलं नसतं.

खरी गोम इथे आहे. डिग्री ज्ञान देते की नाही यावर आपण तासन्‌तास भांडू शकतो. मी इंजिनीयरिंगला शिकलेलं ऑफिसात किती वापरतो ते विचारू नका. पण कॅम्पसला आलेल्या कंपनीची पहिली अट होती 'दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे ६० टक्के'. तुला येतं काय, हे नंतर. डिग्री म्हणजे या फाटकाचा पास. धंदा बुडाल्यावर पंचविसाव्या वर्षी नोकरी शोधायला निघालेल्या पोराकडे तो पास नसतो.

आणि धंदा बुडायला पोराची चूकच लागते असं नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. विहिरीला पाणी नाही तर मोटार चालणार कशी, चाललीच नाही तर जळणार कशी, आणि जळलीच नाही तर भरायला आणणार कोण? अमेरिकेत २०११ पासून थील फेलोशिपवाले कॉलेज सोडणाऱ्या निवडक पोरांना लाखभर डॉलर देत आले. तिथे बुडण्याचे पैसे आधीच कोणीतरी भरलेत. जळकोटात ते कोण भरणार?

सरकारला तुमची डिग्री नकोय, हे मात्र खरं. उद्यम नोंदणीला शिक्षणाची अट नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात मोठ्या प्रकल्पालाही आठवी पास पुरते. पण वय अठरा लागतं. १८७२ च्या करार कायद्यानेही अठराच्या आतल्याला करार करता येत नाही. म्हणजे दहावीचा पोरगा तसाही दोन वर्षं मालक होऊ शकत नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेडही नेमका दोन वर्षांचाच आहे! तो करावा, सुट्टीत उदगीरला एखाद्या वायंडिंगवाल्याकडे बसावं. उधारी कशी थकते आणि कशी वसूल होते, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. पुढेमागे डिग्री हवीच झाली तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहेच. दुकान सांभाळून करता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. हेच मी आतेबहिणीला सांगणार नाही. आमच्याकडे मुलाने शाळा सोडली तर 'धंदा करतो', मुलीने सोडली तर 'स्थळं बघा'. तिला कॉलेज म्हणजे निदान तीन-चार वर्षांची सवड आहे. ती हातची घालवून 'डिग्रीत काय ठेवलंय' म्हणायचं, हे पुण्यात बसून बोलायला सोपं आहे.

तेव्हा मंडळी, मेसेज पाठवायच्या आधी जरा विचार करा. गावाकडच्या ज्या पोराला आपण 'बिनधास्त कर' म्हणतो, तो पडला तर आपण काय करणार आहोत? मी आत्याला फोन करून सांगितलंय, दोन वर्षं त्याला शिकू दे, मग दुकान टाकू दे. पहिल्या वर्षाचं भाडं मी भरतो. चाललं तर परत करेल, नाही चाललं तर सोडून दिलं. आत्या अजून तयार नाही. 'तू स्वतः इंजिनीयर झालास अन् माझ्या पोराला दुकानात बसव म्हणतोस,' म्हणाली. मुद्दा बिनतोड आहे. दिवाळीला गावी जाईन तेव्हा समोर बसून बोलणार आहे.

बघा, तुम्हाला पटतंय का.