टारगेट बनवा, पण बिबट्याचं नको

पुण्यातून शनिवार-रविवारी जुन्नर-आंबेगावकडे गाडी काढणारे आता काही थोडेथोडके नाहीत. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, भीमाशंकर... शिवाय २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. त्यामुळे शेतावरचे कॅम्प, फार्महाऊस, हुरडा पार्टी आणि त्यासोबत 'अ‍ॅक्टिव्हिटी' हे सगळं ओघानं आलंच. या अ‍ॅक्टिव्हिटीत तिरंदाजी हमखास असते. गोल टारगेटचा दोन तासांत कंटाळा येतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "चला, प्राणी बनवू!" आता जुन्नर म्हटल्यावर पहिला प्राणी कोणता आठवतो, हे सांगायला नकोच.

माझं म्हणणं सरळ आहे. प्राण्याचं टारगेट जरूर बनवा. बिबट्याचं बनवू नका.

आधी 'जरूर बनवा' का, ते बघू. ऑलिंपिकमध्ये अंतर ७० मीटर, टारगेटचा व्यास १२२ सेंटिमीटर, सगळं आधीच ठरलेलं. प्राण्यांच्या फोमच्या पुतळ्यांवर बाण मारायचा जो खेळ आहे, त्याला 'थ्री-डी' म्हणतात आणि २००३ पासून त्याच्या जागतिक स्पर्धाही होतात. त्यात अंतर कुणी सांगत नाही. चढावर, उतारावर, झाडाआड पुतळा उभा असतो आणि अंदाज तुमचा तुम्ही करायचा. मजा आहे ती इथेच.

पण हा खेळ आला कुठून, तर शिकारीच्या सरावातून. त्या पुतळ्यावर सगळ्यात जास्त गुणांचं वर्तुळ हृदय आणि फुफ्फुसांच्या जागी असतं. जिथे धनुष्यानं शिकार कायदेशीर आहे, तिथे त्याला अर्थ आहे. बाण नेमका लागला तर जनावर तडफडत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, आणि त्या कायद्यात 'शिकार' या शब्दात नुसता प्रयत्नही येतो. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. मग त्याच्या काळजावर नेम धरून आपण नक्की कशाची रंगीत तालीम करतोय?

आपल्या भाषेत सांगायचं तर टारगेट हा एक 'मॉक ऑब्जेक्ट' आहे. जे टेस्ट करायचंय तेवढंच मॉकमध्ये असावं. तुम्हाला अंतराचा अंदाज आणि हाताची स्थिरता टेस्ट करायची आहे ना? मग अंगावर ठिपके कशाला हवेत?

तुम्ही म्हणाल, अरे पोत्याचं जनावर ते, एवढं काय मनावर घेतोस? पुण्यात गच्चीवर असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण जागा कोणती आहे ते बघा. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या राहायला लागला. त्याची पिल्लंही तिथेच होतात. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेतात जाताना बायामाणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली. शेवटी वन खात्याला एका बिबट्याला गोळी घालावी लागली.

ज्यांच्या घरातलं मूल गेलं त्यांनी रागानं बिबट्याचं चित्र फाडलं तर त्यांना बोलण्याचा मला अधिकार नाही. पण दोन दिवस येऊन, भरीत-भाकरी खाऊन परत जाणाऱ्यांनी त्या भीतीचा खेळ करावा? शेजारच्या उसातून रात्री मोटार चालू करायला जाणारा माणूस तुमचं टारगेट बघणार आहे. संध्याकाळच्या अंधारात बांधाशी ठिपकेवालं काहीतरी दिसलं तर त्याचं काय होईल, विचार करा.

आणि या भागाचं बिबट्याशी नातं नुसतं भीतीचंही नाही. याच तालुक्यांच्या पश्चिमेला, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत वाघोबाला नैवेद्य दाखवतात, वाघबारस पाळतात. म्हणजे एकाच तालुक्यात एकीकडे त्याला हात जोडतात आणि दुसरीकडे त्याच्यामुळे दारं लावून बसतात. या दोन्हीत आपल्या 'टीम बिल्डिंग'ला जागा नाही.

मग बनवायचं काय? माझं मत डायनासोरला! त्याला मारायला वन खात्याची परवानगी लागत नाही, आणि पोरं खूश.

कृती सोपी आहे. खताची दोन रिकामी पोती घ्या. एकात जुने कपडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या ठासून भरा. चेन, बटणं, हुक आधी काढून टाका. हे धड. लहान पोत्याचं डोकं करून सुतळीनं आवळा. बाण जाडीमुळे थांबत नाही, घर्षणामुळे थांबतो, म्हणून भरताना हात आखडू नका. दुसरा प्रकार पुठ्ठ्याचा. खोक्यांच्या पट्ट्या एकावर एक रचून घट्ट दाबून बांधा आणि कापलेली कड बाणाकडे ठेवा, म्हणजे बाण थरांच्या मधे शिरतो. पावसाळ्यात हा प्रकार टिकत नाही. प्लायवूड किंवा लाकडी फळी अजिबात नको, बाण उलटून येतो नाहीतर मोडतो. आणि मागे मातीचा उंच बांध हवाच. मागे ऊस असेल तर 'तिथे कुणी नाही' असं कधीच धरून चालू नका.

बाकी घरगुती प्राण्याच्या टारगेटची आपली परंपरा फार जुनी आहे. महाभारतात द्रोणाचार्यांनी कारागिरांकडून एक कृत्रिम पक्षी बनवून घेतला आणि झाडाच्या शेंड्यावर ठेवला. खरे पक्षी त्या झाडांवर काय कमी असतील? तरी परीक्षा घेतली ती बनवलेल्या पक्ष्यावर. अर्जुनाला फक्त डोळा दिसला, ही गोष्ट आपण शंभरदा ऐकतो. पण डोळा सोडून आजूबाजूचं काहीच दिसू नये, हे नेम धरण्यापुरतं ठीक आहे. टारगेट कुठे आणि कशाचं उभं करायचं हे ठरवताना मात्र झाड, फांद्या आणि आजूबाजूची माणसं, सगळं दिसायला हवं.