गळा नाही म्हणे!

गेल्या दिवाळीत मैसूरच्या एका सुविद्य मराठी घरी फराळ आटोपल्यावर गाणी ऐकण्याचा बेत ठरला. एच. डी. कोट्याहून निघताना मी बॉब डिलनची ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ ही १९७५ सालची तबकडी बरोबर घेतली होती. दुसरे गाणे अर्धे झाले असेल नसेल, तोच यजमान म्हणाले, “अहो, पण याला गळाच नाही!” मंडळी हसली. तबकडी उतरली आणि तिच्या जागी एक नाट्यपद चढले. यजमान वयाने आणि हुद्द्याने वडील, शिवाय माझ्या हातात त्यांच्याच घरची चकली. मी गप्प राहिलो. तेव्हा जे बोलता आले नाही ते येथे बोलतो.

हा निकाल एकट्या डिलनपुरता असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु बदलीच्या गावोगावी मराठी बैठकांतून हेच वाक्य मी ऐकत आलो आहे. आपल्या लेखी गाणे म्हणजे गळा, आणि गळा म्हणजे गोडवा, फिरत, निर्मळ सूर. या गुणांशी माझे वैर नाही. माझ्याही सामानात ‘गीतरामायण’ आहेच. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ती छप्पन्न गीते प्रसारित झाली. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि गाणारे कंठ अनेक. एकाने लिहावे, दुसऱ्याने चाल बांधावी, तिसऱ्याने गावे, या श्रमविभागाने मराठीला अपार दिले. आपली चूक एवढीच की सोयीच्या एका व्यवस्थेलाच आपण गायनाचा कायदा मानून बसलो.

ज्याने लिहिले तोच गातो, तेथे कायदा निराळा असतो. तेथे कंठाला विचारावयाचे ते इतकेच, की शब्द सुचला त्या घटकेचा ताप अजून तुझ्यात आहे काय? डिलनला गोड गाता येत नव्हते असे समजणाऱ्यांनी त्याची १९६९ ची ‘नॅशव्हिल स्कायलाइन’ ऐकावी. तेथे तो मऊ, घोटीव आवाजात गातो. प्रथम ऐकताना गाणारा दुसराच कोणी असावा असे मला वाटले होते. पुढे त्याने तो आवाज टाकून दिला. ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’मधील निम्मी गाणी तर एकदा ध्वनिमुद्रित झाल्यावर त्याने पुन्हा नव्याने गाइली. इतकी निवड करणाऱ्या माणसाला गळा नाही म्हणणे म्हणजे मितभाषी माणसाला मुका ठरविणे होय. त्या तबकडीत मोडलेल्या संसाराची जी धग आहे ती घोटीव आवाजात मला क्षणभरही खरी वाटली नसती.

लेनर्ड कोहेन आधी कवी आणि कादंबरीकार. त्याची पहिली तबकडी १९६७ च्या अखेरीस आली तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्याचे गाणे जवळजवळ बोलणेच आहे, तेही रात्री उशिरा, घरातली माणसे जागी होऊ नयेत अशा बेताने. याच्या उलट जोनी मिचेल. तिच्या १९७१ च्या ‘ब्लू’मध्ये आवाज एकाएकी असा वर झेप घेतो की पहिल्या वेळी मला ते कर्कश वाटले, हे कबूल केलेच पाहिजे. महिन्याभराने तीच झेप ऐकण्यासाठी मी तबकडी लावू लागलो. लहानपणी पोलिओने तिचा डावा हात दुर्बळ झाला होता. नेहमीच्या पद्धतीने गिटारच्या तारा दाबणे जड जाई म्हणून तिने त्या आपल्या हाताला मानवतील अशा निरनिराळ्या मेळांत लावल्या आणि त्यातून तिचे स्वतःचे स्वरविश्व उभे राहिले. आता या गाण्यातून तिचा हात वेगळा कसा काढणार, आणि गळा तरी कसा?

रॉक संगीताविषयी तर आपली तक्रार आणखीच विनोदी आहे. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’मध्ये (१९७५) पहिला शब्द गाइला जाण्यापूर्वी आठ मिनिटांहून अधिक काळ नुसती वाद्ये चालतात. विलंबित ख्यालाला तासभर माना डोलावणारे आमचे स्नेही येथे तिसऱ्या मिनिटाला विचारतात, “गाणे केव्हा सुरू व्हायचे?” मला स्वतःला त्या तबकडीतला धंदेवाल्यांवरील उपरोध फिका वाटतो, पण आपल्यातून हरवलेल्या सोबत्यासाठी, सिड बॅरेटसाठी, रचलेले ते आरंभीचे लांबलचक आळवणे मी कोणत्याही आलापाइतक्याच शांतपणे ऐकतो.

परंतु माझा खरा वाद परदेशी तबकड्यांसाठी नाहीच. स्वतः रचून स्वतः गाणारा माणूस मराठीला नवा आहे काय? १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघाले. त्यातले यशवंत आणि गिरीश आपल्या कविता सभांतून स्वतः गाऊन दाखवीत आणि लोक गर्दी करीत. १९२५ च्या ‘झेंडूच्या फुलां’त अत्र्यांनी त्या कवींची यथेच्छ टर उडविली. आपण हसलो, ते योग्यच. विडंबने उत्तम होती. मात्र हसता हसता कवीने गाणे हीच हास्यास्पद गोष्ट आहे असा आपला ग्रह होऊन बसला. या शतकाच्या आरंभी संदीप खरे आपली कविता गाऊ लागले, तेव्हा सुशिक्षितांना ते केवढे नवल वाटले!

दिवाणखान्याबाहेर मात्र ही परंपरा कधी तुटली नव्हती. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. बेळगावच्या प्रश्नावर मैसूरात बसून तावातावाने बोलणारे आपण. पण त्याच दुःखावरची अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ आपल्यापैकी किती जणांच्या संग्रही आहे? आणि वामनदादा कर्डक! सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस प्रौढपणी अक्षरे शिकला, आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गीते रचीत आणि स्वतः गात २००४ साली मृत्यू येईपर्यंत गावोगाव हिंडला. अमेरिकन गायकाचा आवाज खरखरीत म्हणून नापसंत करणाऱ्याला मी निदान रुचिभेद म्हणून सोडून देईन. वामनदादांना गेल्या पन्नास वर्षांत आपल्या बैठकीत जागा मिळाली नाही, त्याचे कारणही गळाच होता काय?

कोट्यास आल्यावर तालुक्यातील एका खेड्यात मी नीलगारांचे गायन ऐकले. मंटेस्वामींचे काव्य हे लोक तंबूरीवर रात्रभर गातात. मुख्य गायक वृद्ध होता, आवाज मध्यरात्रीच्या आधीच फाटला होता. समोर बसलेल्यांपैकी कोणी हलले नाही. माझे कानडी कचेरीच्या कामापुरते, म्हणून शेजाऱ्याने हळू आवाजात अर्थ सांगितला. कल्याणनगरीत मंटेस्वामी कुष्ठाने गळत, मळकट वेषात बसवण्णांच्या दारी येतात आणि दारावरचे भक्त त्यांना ओळखीत नाहीत. हा भाग गाताना त्या म्हाताऱ्याचा स्वर साफ घसरला. तो घसरला म्हणून मला ते दार दिसले.

यावर एक आक्षेप येईल, की मग प्रत्येक बेसूर कवीने गावे काय? खुशाल गावे, बहुतेकांना आपण विसरून जाऊ, जसे बहुतेक सुरेल गायकांनाही विसरतो. डिलनच्याही कित्येक तबकड्या मला दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. आणि २०१६ साली त्याला नोबेल मिळाल्यावर ज्यांना त्याचे काव्य एकाएकी उमगले, त्या भाविकांपेक्षा माझे यजमान मला अधिक प्रामाणिक वाटतात. त्यांनी निदान आपल्या कानांनी निकाल दिला.

पाडव्याला त्याच घरी पुन्हा बोलावणे आहे. या खेपेस डिलन घरी ठेवून वामनदादांची गाणी घेऊन जाणार आहे. आणि चकली हातात घेण्यापूर्वीच ती लावा म्हणून सांगणार आहे.