इंग्लंडला मागे टाकले म्हणजे नेमके काय? ठाणे-कल्याणच्या रुळांवरचा एक हिशेब

१/
२०२२ साली भारताची अर्थव्यवस्था ब्रिटनला ओलांडून जगात पाचव्या स्थानी पोहोचली, तेव्हा समाजमाध्यमांवर विजयोत्सव साजरा झाला. लगोलग दुसऱ्या बाजूचे उत्तर आले : ‘रेल्वे तरी कुणी दिली?’ ही दोन्ही विधाने इतिहासाच्या कसोटीवर लंगडी ठरतात. कशी, ते या धाग्यात पाहू. 🧵

२/
दोन देशांच्या राहणीमानाची तुलना हा वाद जुना आहे. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी मुंबईत ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा निबंध वाचला. सरकारी आकडे तपासून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये, म्हणजे तेव्हाच्या दराने २ पौंड, असे काढले. त्याच सुमारास डडली बॅक्स्टर या ब्रिटिश अभ्यासकाच्या हिशेबात ब्रिटनचे दरडोई उत्पन्न २७ पौंड येत होते.

३/
यावर एक आक्षेप हमखास येतो : तिकडे पाव महाग, इकडे धान्य स्वस्त, मग पौंडात तुलना कशाला? दादाभाईंनी या आक्षेपाला दिलेले उत्तर आजही शिकण्याजोगे आहे. त्यांनी पौंड बाजूला ठेवला आणि सरकारचेच तुरुंगांचे अहवाल उघडले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्च मांडला आणि दाखवून दिले की, देशाचे एकूण उत्पादन सर्वांत सारखे वाटले तरी सामान्य प्रजाजनाला गुन्हेगाराइतके अन्नवस्त्रही जेमतेमच मिळेल.

४/
मित्रहो, या युक्तिवादाचे बळ ध्यानात घ्या. परक्या देशाशी केलेल्या तुलनेवर ‘तिथली गोष्ट वेगळी’ असे म्हणता येते. पण राज्यकर्त्याने स्वतः ठरवलेल्या किमान गरजेशी प्रजेचे जिणे ताडून पाहिले की पळवाट उरत नाही. राहणीमानाचा प्रश्न शेवटी असाच विचारावा लागतो : तळाच्या माणसाला काय मिळते आणि ते कुणी ठरवले?

५/
सरासरीचा आणखी एक दोष आहे. १८४२ च्या एडविन चॅडविक यांच्या अहवालात मँचेस्टरच्या मजूरवर्गातील मृत्यूसमयीचे सरासरी वय १७ वर्षे नोंदलेले आहे. रटलंडच्या उच्चवर्गात तेच ५२. देश एक, राणी एक आणि आयुष्ये दोन! आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, तोही हेच बजावण्यासाठी की ‘देशा’च्या नावाखाली कुणब्याचे हाल झाकले जाऊ नयेत.

६/
आता ‘रेल्वे कुणी दिली’ या प्रश्नाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५४ च्या मे महिन्यात ती कल्याणला पोहोचली. हे आपण शाळेत शिकतो. मात्र १८४९ चा करार सहसा शिकवला जात नाही. त्यानुसार जीआयपी रेल्वेच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे इथल्या रयतेच्या खिशातून, भरून द्यायची. जमीनही फुकट. देणगीची ही तऱ्हा विलक्षण म्हणावी लागेल.

७/
त्याच काळात इंग्लंडमध्ये काय घडत होते? २४ डिसेंबर १८४१ रोजी सॉनिंग येथे दरड कोसळून गाडीला अपघात झाला. उघड्या वाघिणींतून घरी निघालेले तिसऱ्या वर्गाचे कामकरी प्रवासी फेकले गेले. जागच्या जागी आठ जण मरण पावले, पुढे आणखी एक दगावला.

८/
त्यानंतर चौकशी झाली, संसदेत चर्चा झाली आणि १८४४ चा रेल्वे कायदा आला. प्रत्येक नव्या मार्गावर दिवसातून किमान एक स्वस्त गाडी, भाडे मैलाला एक पेनीपेक्षा अधिक नाही, बसायला आसन, ऊनपावसापासून आडोसा, ताशी किमान १२ मैल वेग. गरिबाच्या प्रवासाची किमान पायरी कायद्याने आखून दिली गेली. ब्रिटिश कामकऱ्याचे जीवन सुधारले त्यात वाफेच्या इंजिनाइतकाच अशा कायद्यांचाही वाटा आहे.

९/
हिंदुस्थानात इंजिन तेच आले. ती पायरी मात्र आली नाही. पहिली गाडी धावल्यानंतर ६४ वर्षांनी, १९१७ साली, महात्मा गांधींना तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील गर्दी, घाण आणि हेळसांड यांवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. रेल्वेच्या उत्पन्नात ज्यांचा वाटा मोठा, त्यांनाच माल समजून कोंबले जात होते. म्हणून ‘रेल्वे दिली’ म्हणणाऱ्यांना विचारावे : रूळ आणले, पण १८४४ चे ते नियम कुठे ठेवले?

१०/
आता विजयोत्सववाद्यांकडे. एकूण उत्पन्नात आपण २०२२ साली ब्रिटनच्या पुढे गेलो, हे खरे. तेच डोक्यांनी भागले की ब्रिटनचे दरडोई उत्पन्न आपल्या सुमारे वीसपट भरते. स्वस्ताई हिशेबात धरली तरी पाच-सहापटींचे अंतर उरतेच. ‘आमची लोकसंख्या जास्त आहे’ हे याचे उत्तर होत नाही; भागाकार करायचा तो त्याचसाठी.

११/
याचा अर्थ काहीच कमावले नाही, असाही नव्हे. स्वातंत्र्यसमयी या देशात सरासरी आयुर्मान ३० ते ३५ वर्षांच्या घरात होते. आज ते ७० वर आहे. लसीकरण, धान्यपुरवठा, साथींचे नियंत्रण यांतून मिळालेले हे यश पाचव्या क्रमांकाहून मोठे आहे. अभिमान बाळगायचा तर याचा बाळगावा. गंमत अशी की याचा उत्सव कुणी करत नाही.

१२/
आणि आता मुंब्रा. ९ जून २०२५ च्या सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, मुंब्रा स्थानकाजवळ लोकलच्या दारातून प्रवासी रुळांवर पडले. किमान चौघांनी प्राण गमावले. देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्याला पोहोचली, तेथून हे ठिकाण काही किलोमीटरवर आहे. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभे राहून २०२२ साली जगात पाचव्या स्थानी पोहोचलेली अर्थव्यवस्था दिसते का, हे प्रत्येकाने स्वतः पाहावे.

१३/
सॉनिंग आणि मुंब्रा यांत १८३ वर्षांचे अंतर आहे. तिथे प्रवासी उघड्या वाघिणीत बसले होते, इथे उघड्या दाराला लटकले होते. तिथल्या मृत्यूंनंतर तीन वर्षांच्या आत कायद्याने आसनाचा हक्क दिला. इथे ‘मुंबईकरांचे स्पिरिट’ म्हणून आपणच आपली पाठ थोपटतो. ब्रिटनशी तुलना करायचीच असेल, तर ती या मुद्द्यावर करा.

१४/
तात्पर्य : राहणीमान म्हणजे क्रमवारीतील जागा नव्हे. ज्या पायरीच्या खाली कुणालाही ढकलता येणार नाही अशी पायरी, म्हणजे राहणीमान. ब्रिटनने आपल्या कामकऱ्यांसाठी ती हळूहळू बांधली आणि आपल्या पूर्वजांना नाकारली. आज नाकारणारे परके नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ‘मागे टाकले’ म्हणाले, तर दादाभाईंच्या पद्धतीने एवढेच विचारा : कोणाला मागे टाकले, आणि त्या गाडीत कल्याणच्या प्रवाशाला बसायला जागा मिळाली का?

॥ धागा समाप्त ॥