पाऊस कोणाच्या खात्यावर?



मोठ्या कंपन्यांना आता वार्षिक अहवालात नफ्यातोट्याबरोबर आणखी एक हिशेब छापावा लागतो. धंद्यातून हवेत किती कर्बवायू गेला आणि पाणी किती उपसले, याचा. 'सेबी'ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना तो बंधनकारक केला. हा मुंबईचा मामला, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून पान उलटू नका. कापड गिरणीच्या या हिशेबात आपली पऱ्हाटी येते आणि ती चुकीची मांडली जाते.

कर्बवायूच्या वहीत तीन कप्पे असतात. कारखान्याच्या बॉयलरमध्ये आणि गाड्यांत जळते ते पहिल्यात. विकत घेतलेल्या विजेमागचा धूर दुसऱ्यात. विकत घेतलेल्या मालामागचा, म्हणजे गिरणीच्या बाबतीत कापसाचा, तिसऱ्यात. पाण्याला स्वतःचा कप्पा नाही. ते शिरते मुख्यतः विजेच्या वाटेने, म्हणजे उपसायला आणि साफ करायला जी वीज लागली तेवढेच.

आता गणित करू. १,००० लिटर पाणी १०० मीटर खोलीवरून वर आणायला, पंपाची निम्मी ताकद वाया जाते असे धरले तर, सुमारे अर्धा युनिट वीज लागते. आपल्या देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कर्बवायू निघतो. म्हणजे हजार लिटरमागे ०.४ किलो. कारखान्याने रोज १० लाख लिटर उपसले तरी वहीत ४०० किलो लागतात, दीडशे लिटर डिझेल जाळल्याइतके. तोच कारखाना रोज १० टन कोळसा जाळत असेल तर त्याचे होतात पंधरा टन. त्यापुढे पाणी म्हणजे चिल्लर. त्या उपशाने शेजारच्या चार गावांच्या विहिरी आटल्या तरी आकडा तोच. आणि पंपावर सौर पत्रे बसवले की कर्बवायू शून्य, उपसा तेवढाच. शिवाय शाबासकीचा फोटो अहवालात.

पाण्याची वही वेगळी आहे, हे खरे. टंचाईच्या भागातला उपसा निराळा दाखवण्याचा रकानाही तीत आहे, पण तो ऐच्छिक भागात. जिथे खरे दुखते तिथेच सक्ती नाही.

विजेचेच बघा. विजेचा धूर वीज घेणाऱ्याच्या वहीत जातो, विजेचे पाणी मात्र जात नाही. २०१५ च्या केंद्राच्या नियमाने जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा घातली. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र या मर्यादेत राहून पूर्ण ताकदीने चालले तरी दिवसाला २४ कोटी लिटरांहून जास्त पाणी लागेल. पुण्यामुंबईच्या कचेरीत पंखा फिरतो त्याचा धूर तिथल्या वहीत दिसतो, इरई धरणातले पाणी दिसत नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हाच ते सगळ्यांना दिसले.

आता कापूस. एक किलो रुईला दहा हजार, वीस हजार लिटर पाणी लागते, असे सभासंमेलनांतून सांगतात. कापूस म्हणजे तहानलेले पीक, असा शिक्का. हे लिटर येतात कुठून? एका एकरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते होते सुमारे २८ लाख लिटर. एकरी चार क्विंटल कापूस आला तर रुई १४० किलोच्या आसपास. भागाकार करा, वीस हजार! त्यातले कितीतरी पाणी नाल्याला वाहून गेले, काही मुरले, उरलेले पिकाने घेतले. पीक नसते तर गवताने आणि उन्हाने घेतले असते. आपण कोणाच्या तोंडचे पाणी काढले? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने ज्याचे पीक निम्मे नेले, त्याच्या कापसाचे लिटर एका रात्रीत दुप्पट झाले. नुकसान त्याचे, आणि हिशेबात उधळ्याही तोच. (ज्वारीला तर कोणी विचारतच नाही. तिच्यामागे गिरणी नाही, म्हणून अहवालही नाही.)

महाराष्ट्रातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस पावसावरचा. तरी जगाची किंवा देशाची सरासरी लावली की ओलिताखालच्या शेतातल्या पंपाची वीज आपल्याही गाठींवर चढते. आपल्या शेतातून कर्बवायू जातच नाही असे मी म्हणणार नाही. जातो, पण मुख्यतः युरियातून, पाण्यातून नाही.

आणखी एक धोका आहे. कोरडवाहू कापूस म्हणजे स्वच्छ कापूस, तेव्हा तुम्ही कोरडवाहूच राहा, असा उपदेश उद्या सुरू होईल. शेतीशास्त्र उलटे सांगते. बोंडे भरताना पावसाने दगा दिला तर पाच सेंटिमीटरचे एक संरक्षक पाणी एकराला दोन लाख लिटर लागते. विहीर पंधरा मीटर खोल असेल तर सोळा-सतरा युनिट वीज, बारा किलो कर्बवायू. युरियाच्या एका गोणीमागे याच्या कितीतरी पट जातो. त्या एका पाण्याने क्विंटलभर कापूस वाढला तर किलोमागचे पाणी आणि धूर दोन्ही उतरतात. जो सरासरीत आपल्याला दोष देतो त्याला हे गणित विचारा.

मोठ्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असे 'सेबी'ने ठरवले आहे. २०२५-२६ पासून, तूर्त ऐच्छिक. म्हणजे गिरणी सूतवाल्याला विचारणार, सूतवाला जिनिंगला, आणि जिनिंगचा माणूस फॉर्म घेऊन आपल्या खळ्यावर. फुकटात फॉर्म भरून देणारा शेवटचा माणूस नेहमीप्रमाणे आपणच. तेव्हा 'किती लिटर' या रकान्यात अंदाजाने आकडा घालू नका. विहिरीची खोली, पंपाचे हॉर्सपॉवर, किती तास चालवला, एवढेच खरे लिहा. पंप लावलाच नसेल तर 'पावसाचे पाणी, उपसा शून्य' असे लिहा. जिनिंगमध्ये सगळा कापूस एका गंजीत पडतो आणि कोरडवाहूची ओळख तिथेच पुसली जाते. म्हणून काटापावतीवर 'कोरडवाहू' हा शब्द लिहून मागा.

जिल्हा बैठकीपुढे ठराव ठेवतो आहोत. गिरण्यांच्या अहवालात पावसाचे पाणी आणि उपसलेले पाणी वेगळ्या रकान्यांत दाखवावे, उपसा ज्या तालुक्यातला त्याचे नाव लिहावे, टंचाईच्या भागाचा रकाना सक्तीचा करावा. आणि आमच्या कोरडवाहू गाठींमुळे ज्या गिरणीची वही स्वच्छ दिसते, तिने क्विंटलमागे किती रुपये जास्त देणार ते हंगामापूर्वी सांगावे. ठरावाची प्रत तालुका अध्यक्षांकडे आहे. आपापल्या जिनिंगच्या पावत्या बैठकीला बरोबर आणा.