फोर्टातील ओवऱ्या आणि वऱ्हाडचे ऊन

मुंबईस गेलेला वऱ्हाडी माणूस बोरीबंदरावर उतरतो, स्टीव्हन्सच्या त्या प्रचंड स्थानकाचा घुमट मान वर करून पाहतो आणि हुतात्मा चौकाची वाट धरतो. ज्या दादाभाई नौरोजी मार्गावरून तो चालतो, त्याच्या पदपथाकडे मात्र त्याचे क्वचितच लक्ष जाते. आमच्या मते या राजमार्गाचे खरे वैभव तेथेच आहे.

1860 च्या दशकात गव्हर्नर फ्रिअर यांच्या कारकिर्दीत फोर्टाचा तट पाडला गेला आणि जुना हॉर्नबी रोड पुढे रुंद व भव्य झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) कापसाला आलेल्या सोन्याच्या भावाने मुंबई तेव्हा न्हाऊन निघाली होती. त्या कापसात वऱ्हाडचाही कापूस होता. अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे निघाली ती मुख्यतः त्याच्याचसाठी. तेव्हा या इमारतींच्या पायात आपल्या काळ्या मातीचाही अंश आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

परंतु केवळ पैशाने असा रस्ता घडत नाही. 1896 मध्ये नियम झाला की, या रस्त्यालगतच्या इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवलीच पाहिजे. वर कोणी गॉथिक शिखरे चढविली, कोणी ग्रीक धाटणीचे खांब उभारले. खाली मात्र सावली अखंड राहिली. 1995 च्या वारसा नियमावलीनंतर येथील बेढब पाट्यांनाही, दुकानदारांना सोबत घेऊनच, शिस्त लावण्यात आली. फेरीवाले ओवऱ्या अडवितात ही तक्रार खरी; पण माणसे सावलीलाच गर्दी करतात, हेही तितकेच खरे.

आता आपल्याकडे पाहावे. वैशाखात पारा 45 अंशांकडे झुकतो. खत-बियाण्यांसाठी वरूडला आलेला शेतकरी बाजारपेठेत उन्हात उभा असतो, कारण दुकानाची पायरी थेट गटारावर येते आणि पुढे मोटारसायकली लागलेल्या असतात. ज्या प्रदेशास ओवरीची गरज मुंबईहून अधिक, तेथेच ती नसावी, यास काय म्हणावे?

जागा जाईल, असा आक्षेप व्यापारी घेतील. परंतु ओवरीवरील मजले मालकाचेच राहतात, आणि सावलीतले गिऱ्हाईक दुकानापुढे अधिक रेंगाळते. बांधकामाची परवानगी नगरपरिषदच देते. जुनी दुकाने पाडून संकुले बांधण्याचे अर्ज तिच्याकडे येतच असतात. त्यांवर ही एक अट घालण्यास मुंबईची तिजोरी लागत नाही.