ताऱ्यांचा हिशेब कोण मांडणार?

फ्रीज, एसी, गीझर किंवा छताचा साधा पंखा घ्यायला दुकानात गेलो की आपली नजर आता किमतीच्या आधी ताऱ्यांच्या पट्टीवर जाते. ही सवय आपल्याला गेल्या वीस वर्षांत लागली. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये मार्च 2002 मध्ये केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, मे 2006 मध्ये तारांकनाची योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली आणि जानेवारी 2010 पासून चार वस्तूंना ती सक्तीची झाली. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, एसी, ट्यूबलाइट आणि वितरण ट्रान्सफॉर्मर या त्या चार वस्तू. ग्राहक म्हणून आपण या योजनेचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. परंतु बडोद्याच्या मराठी माणसाला या प्रश्नाकडे केवळ ग्राहक म्हणून पाहून चालणार नाही. यादीतली चौथी वस्तू, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बनवणारे आपले शहर हे देशातले एक मोठे केंद्र आहे.

सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले, तेव्हापासून इथल्या मराठी घरांत कारागिरीला आणि यंत्रविद्येला मान आहे. आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि पुढे सावली-हालोलच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर जोडणारे, त्यांच्या टाक्या वेल्ड करणारे, कॉइल गुंडाळणारे, पत्रे कापून देणारे लहानमोठे कारखाने आहेत. आपल्या समाजातले लोक त्यांत मालक म्हणून थोडे आणि वाइंडर, फिटर, चाचणी विभागातले इंजिनिअर म्हणून अधिक दिसतात. म्हणून मानके कडक झाली की कारखानदाराचे काय होते, हा प्रश्न दिल्लीतल्या तज्ज्ञांवर सोपवून आम्हाला गप्प बसता येत नाही.

प्रथम आमची भूमिका स्पष्ट करतो. मानके कडक होण्याला आमचा विरोध नाही. आयएस 1180 या भारतीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत 11 केव्ही दाबाच्या, 100 केव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरसाठी कार्यक्षमतेच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत. निम्म्या भारावर पहिल्या पायरीचा ट्रान्सफॉर्मर 520 वॅटपर्यंत वीज वाया घालवू शकतो, तिसऱ्या पायरीचा 435 वॅटपर्यंत. फरक अवघा 85 वॅटचा, शंभराच्या जुन्या बल्बाहूनही कमी. पण ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस, वर्षाचे 8,760 तास जोडलेला असतो. तो सरासरी निम्म्या भारावर चालला असे धरले तर एकेका ट्रान्सफॉर्मरमागे वर्षाला सुमारे 745 युनिट वाचतात. देशभर खांबाखांबावर असे लाखो ट्रान्सफॉर्मर आहेत. त्यांत जिरणाऱ्या विजेचे पैसे शेवटी वीजदरातून तुम्हीआम्हीच भरतो.

आता हे 85 वॅट वाचवायला कारखानदाराला काय करावे लागते ते पाहू. ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज दोन ठिकाणी वाया जाते, गाभ्याच्या पोलादी पत्र्यात आणि गुंडाळीच्या तारेत. पत्र्यातली घट कमी करायची तर अधिक चांगल्या प्रतीचा, पातळ पत्रा लागतो. तारेतली कमी करायची तर तार जाड हवी, म्हणजे तांबे किंवा ॲल्युमिनियम अधिक लागते. दोन्हींमुळे आकार बदलतो, टाकी बदलते, तेल वाढते. नवे डिझाइन करावे लागते आणि ते प्रयोगशाळेत सिद्ध करून द्यावे लागते. सुदैवाने 1974 पासून इर्डा ही विद्युत संशोधन व चाचणी संस्था आपल्याच मकरपुऱ्यात उभी आहे, त्यामुळे आपल्या कारखानदाराला माल लांब न्यावा लागत नाही. पण चाचणीचा खर्च अंतर पाहून ठरत नाही.

खरी मेख इथेच आहे. नव्या डिझाइनचा आणि शॉर्ट सर्किट, इम्पल्ससारख्या चाचण्यांचा खर्च प्रत्येक नमुन्याला एकदा येतो. वर्षाला पाच हजार नग काढणारा कारखाना तो पाच हजारांत वाटतो, दोनशे नग काढणाऱ्याला तो दोनशेंतच वाटावा लागतो. म्हणजे मानक दोघांना सारखे, पण एका नगावर पडणारा बोजा पंचवीसपट. मोठ्या कंपनीत डिझाइनचा स्वतंत्र विभाग असतो. लहान कारखान्यात मालकच डिझाइन करतो, तोच बँकेत जातो आणि तोच निविदा भरतो. मानक बदलले की त्या वर्षी त्याचे निम्मे लक्ष धंद्यावरून उडते.

कच्च्या मालाची गोष्ट याहून अवघड आहे. गाभ्याला लागणारा विशिष्ट विद्युत पत्रा, ज्याला धंद्यात सीआरजीओ म्हणतात, तो आपल्या देशात गरजेच्या मानाने फार थोडा बनतो. नाशिकजवळचा थिसेनक्रुपचा कारखाना हा त्याचा प्रमुख देशी आधार होता. तो विकत घेण्याचा करार जेएसडब्ल्यू आणि जपानची जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने 2024 मध्ये केला. बाकीचा पत्रा परदेशातून येतो. मोठा खरेदीदार वर्षाचा करार करून भाव बांधून घेतो, लहान कारखानदार व्यापाऱ्याकडून त्या दिवशीच्या भावाने उचलतो. मानक जितके उंच, तितकी चांगल्या पत्र्याची गरज अधिक आणि तितका तो व्यापाऱ्याच्या हाती अधिक सापडतो.

आणि खरेदीदार कोण? वितरण ट्रान्सफॉर्मरचा मोठा खरेदीदार म्हणजे राज्यांच्या वीज कंपन्या. 2005 मध्ये गुजरात विद्युत मंडळाचे विभाजन होऊन ज्या कंपन्या झाल्या, त्यांतल्या मध्य गुजरात वीज कंपनीचे मुख्यालय बडोद्यातच आहे. निविदेत सर्वांत कमी किमतीला काम द्यायचे, ही सरकारी खरेदीची जुनी रीत. ट्रान्सफॉर्मर पुढची वीस-पंचवीस वर्षे किती वीज खाणार याचा हिशेब किमतीत धरला, तरच चांगला माल बनवणाऱ्याला चार पैसे सुटतात. त्यात येणे थकते ही लहान उद्योगांची जुनी तक्रार. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने 45 दिवसांची मुदत घातली खरी, पण पुढच्या निविदेची आशा असलेला माणूस आपल्याच ग्राहकाविरुद्ध दाद मागायला सहजी धजत नाही.

कोणी म्हणेल, हे नेहमीचेच रडगाणे आहे, मानकांनी कोणताही उद्योग बुडाला नाही. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेचे उदाहरण घ्या. सरकारी खरेदीत 2014 साली सुमारे 310 रुपयांना मिळणारा एलईडी बल्ब 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला आणि या योजनेतून 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. छताच्या पंख्यांना 1 जानेवारी 2023 पासून तारांकन सक्तीचे झाले. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॅट घेई. नव्या तक्त्यात 1200 मिलिमीटरच्या पंख्याने मिनिटाला किमान 210 घनमीटर हवा द्यायची आणि पाच ताऱ्यांसाठी दर वॅटमागे 6 घनमीटर, म्हणजे 35 वॅटमध्ये काम भागवायचे. मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 2012 साली काढलेल्या ॲटमबर्ग कंपनीने हे ओळखून 2015 पासूनच बीएलडीसी मोटरचे पंखे बाजारात आणले होते. सक्ती आली तेव्हा ती कंपनी तयार होती. कडक मानक नव्या हुशार माणसाला दार उघडते, हे खरे आहे.

पण त्याच दारातून बाहेर कोण गेले, याची मोजणी कोण करतो? हैदराबाद, कोलकात्यासारख्या शहरांत साध्या मोटरचे पंखे जोडून विकणारे लहान कारखानदार होते. बीएलडीसीसाठी इलेक्ट्रॉनिक सर्किट लागते, चुंबके लागतात, वेगळी कुशलता लागते. त्यांपैकी कितीजण नव्या रीतीकडे वळले, कितीजण मोठ्या ब्रँडचे कंत्राटी जोडणीदार झाले आणि कितीजणांनी शटर ओढले? किती वीज वाचली, किती कार्बन कमी झाला याचे अहवाल ब्युरो काढतो. ते काढावेतच. मात्र सरासरीत उद्योग वाढला म्हणून प्रत्येक कारखाना वाढला असे होत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न कायद्यातच बांधून घेतला आहे. तिथे उपकरणांच्या मानकांचा पाया 1975 च्या ऊर्जा कायद्यात आहे. नवे मानक ठरवताना ज्या बाबी तपासणे बंधनकारक आहे, त्यांत कारखानदारांवर आणि ग्राहकांवर होणारा आर्थिक परिणाम ही पहिली बाब आहे. त्यानुसार तिथले ऊर्जा खाते कारखानदारांच्या मुलाखती घेते, उद्योगाच्या पैशाच्या आवकजावकीचे गणित मांडते, लहान उत्पादकांचा स्वतंत्र विचार करते आणि हे सारे छापून लोकांपुढे ठेवते. फ्रीजचे एक महत्त्वाचे मानक तिथे एप्रिल 1997 मध्ये जाहीर झाले आणि जुलै 2001 पासून लागू झाले, म्हणजे तयारीला चार वर्षे मिळाली. एवढे करूनही तिथले फ्रीज काही सैल राहिले नाहीत. 1970 च्या दशकाच्या आरंभीच्या तुलनेत आकाराने मोठा असूनही तिथला नवा फ्रीज सुमारे पाव हिश्शाच विजेवर चालतो. लोकांपुढे हिशेब मांडल्याने मानक दुबळे होत नाही, उलट कोर्टात आणि बाजारात टिकते.

आपल्या कायद्यात काय आहे? मूळ 2001 च्या कायद्यात मानक जाहीर झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत त्यात न बसणाऱ्या वस्तूच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घालता येत नव्हती. 2010 च्या दुरुस्तीने ही मुदत सहा महिन्यांवर आणली. बाजारातला हिस्सा आणि तंत्रज्ञानाची स्थिती पाहून, लेखी कारणे देऊन सरकार ती आणखी सहा महिने वाढवू शकते, इतकीच सवलत उरली. जिथे नवा साचा करून डिझाइन सिद्ध व्हायलाच महिनोन्महिने जातात, तिथे सहा महिने मोठ्यांना पुरतील, लहानांना पुरणार नाहीत.

यास्तव आमच्या मागण्या थोडक्या आहेत. प्रत्येक मानक बदलण्यापूर्वी त्याचा लहान उत्पादकांवर होणारा परिणाम लेखी मांडावा आणि तो मसुद्याबरोबरच प्रसिद्ध करावा. त्याचा सारांश इंग्रजी-हिंदीबरोबर गुजरातीत आणि मराठीतही द्यावा, कारण वाइंडिंगच्या टेबलावर इंग्रजी राजपत्र वाचले जात नाही. पुढच्या दोन टप्प्यांची पातळी आधीच जाहीर करावी, म्हणजे डिझाइन एकदाच करता येईल. लहान कारखान्यांच्या पहिल्या चाचणीचा काही भार सरकारने उचलावा. आणि राज्यांच्या वीज कंपन्यांनी केवळ खरेदीची किंमत न पाहता वाया जाणाऱ्या विजेची आयुष्यभराची किंमत धरून निविदा उघडाव्यात आणि बिले 45 दिवसांत चुकती करावीत.

याबरोबर आपल्या माणसांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. भंगारातल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचा पत्रा पुन्हा वापरून, त्यावर ताऱ्यांची पट्टी चिकटवून माल खपवण्याचे प्रकार या धंद्यात होतात, हे उघड गुपित आहे. त्यात पहिला मार बसतो तो शेजारच्या प्रामाणिक लहान कारखानदाराला, कारण निविदेत तो महाग ठरतो. तेव्हा बाजारातून नमुने उचलून तपासणी व्हावी आणि खोट्या ताऱ्यांना कायद्यातला दंड पुरेपूर बसावा, हीही आमची मागणी आहे. लहान म्हणून सवलत मागायची आणि लहान म्हणून तपासणीही टाळायची, हे दोन्ही एकदम मागता येणार नाही. तसेच मानकेच मागे घ्या असा सूर लावणाऱ्यांच्या मागे आपल्या समाजाने जाऊ नये. मानके गेली तर स्वस्त आणि वीजखाऊ मालाचा पूर येईल आणि त्यात आपला कारागीर सर्वांत आधी बुडेल.

मते मागायला आपल्या दारी येणारे उमेदवार बहुधा भाषेचा आणि जुन्या नात्यांचा उल्लेख करतात. तो आपल्याला आवडतोही. यापुढे त्यांना त्याबरोबर एक साधा प्रश्न विचारावा: मकरपुऱ्यातल्या लहान कारखान्यांवर पुढच्या मानकाचा काय परिणाम होणार, याचा कागद तुम्ही सरकारकडे मागितलात का? नसेल मागितला, तर कधी मागणार? उत्तर लेखी घ्यावे. आलेली उत्तरे आम्ही या पानावर जशीच्या तशी छापू.