बांधी



जूनमध्ये गावाहून परतल्यावर पुण्याच्या ऑफिसात म्हणालो, "चार दिवस बांधीत होतो." मित्राने घाबरून विचारलं, "बंदीत? काय केलंस रे?" 'भातखाचर' म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

आमच्या बालाघाटकडे खाचर कोणी म्हणत नाही. चारही बाजूंनी मातीचा बांध घातलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. गोंदिया-भंडाऱ्यातही हाच शब्द आहे. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, पण शब्द दोन्हीकडे तोच राहिला.

त्याचं मूळ संस्कृत 'बन्ध्', म्हणजे बांधणे. फारसीतला 'बंद' आणि इंग्रजीतले 'बाइंड', 'बाँड' हे त्याचे दूरचे नातेवाईक. बांध या अर्थाचा हिंदुस्थानी 'बंद' इंग्रजांनी उचलला, त्याचा 'बंड' केला आणि थेट चीनला नेला. शांघायचा प्रसिद्ध नदीकाठ आजही 'द बंड' म्हणून ओळखला जातो. आम्ही इंजिनियर ज्या 'बँडविड्थ'च्या नावाने रोज रडतो, तिच्यातला बँडही याच घराण्यातला. आणि आपला 'बंधू'सुद्धा!

या बंधूंमुळेच जूनमध्ये गावी जावं लागलं. बाबा आणि मोठे बाबा यांच्यात वाटणी व्हायची होती. दोघांचं बोलणं बंद. मी लॅपटॉपवर नकाशा काढला. वरच्या बांध्या मोठ्या बाबांना, खालच्या आम्हाला, एकर अगदी समसमान. मला वाटलं, झालं काम.

आजीने नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, "खाली पानी कुठून येनार?"

आमच्याकडे तलावाचं पाणी आधी वरच्या बांधीत उतरतं. ती भरली की बांधाला तोंड पाडून खालच्या बांधीत सोडतात. रोवणीच्या दिवसांत वरच्याने तोंड बुजवलं, तर खालचे पऱ्हे वाळून जातात. माझ्या नकाशात बांध म्हणजे नुसती रेघ होती. आजीच्या लेखी त्या बांधावर दोन घरांचं पोट होतं.

संध्याकाळी दोघं भाऊ बांधावर गेले. तोंड कुठे ठेवायचं ते ठरलं, आणि वरची बांधी भरली की पाणी खाली सोडायचं, हे वाटणीच्या कागदावर लिहिलं गेलं. बोलणं अजून कामापुरतंच आहे. पण यंदा आमची रोवणी वेळेवर झाली. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला चिन्नोर खालच्या बांधीत उभा आहे.

तुमच्या गावाकडे शेताच्या तुकड्याला काय म्हणतात? आजी-आजोबांना फोन करून विचारा आणि मला कळवा. पुढच्या अंकात त्यातल्याच एखाद्या शब्दाबद्दल बोलू.